सेल्फचा काय दोष?

आउटबोर्ड इंजिनात, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनात, सगळ्यात जास्त शिव्या कोण खातं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: सेल्फ, इंजिन फिरवून चालू करणारी विजेची मोटर. कार्ब्युरेटर अडला की लोक पेट्रोलला नावं ठेवतात, प्लग काळा पडला की ऑइलला. सेल्फच्या बाबतीत मात्र दुसऱ्या कुणाचं नावच निघत नाही. किल्ली फिरवली, इंजिन फिरलं नाही, की निकाल जागच्या जागी लागतो, ‘सेल्फ गेला’. मग जुना उतरवायचा, नवा आणून चढवायचा, आणि किल्ली फिरवल्यावर पुन्हा तोच ‘टक’ ऐकून कपाळाला हात लावायचा.

बरीच वर्षं या इंजिनांशी झटापट केल्यावर माझं मत असं झालंय की सेल्फ बऱ्याचदा निर्दोष असतो. तो रांगेत शेवटी उभा आहे, एवढाच त्याचा गुन्हा. बॅटरीतून निघालेली वीज त्याच्यापर्यंत पोचायला वाटेत टर्मिनल, बॅटरी स्विच, जाड केबल, तिच्या दोन्ही टोकांचे लग (बोल्टखाली बसणारी धातूची टोकं), सोलेनॉइड (किल्लीच्या हुकमाने जाड वाट जोडणारा विजेचा स्विच) आणि पुन्हा केबल. परतीच्या वाटेवर इंजिनाचा ब्लॉक, अर्थची (बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी) केबल आणि तिचे लग. किल्लीकडून येणारी बारीक वायर ती वेगळीच, तिच्या मार्गात फ्यूज आणि न्यूट्रल स्विच. यातल्या एकानेही हात आखडता घेतला तर आवाज येतो तो सेल्फचा. किंवा येत नाही, तोही सेल्फचाच.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कान द्यावा. किल्ली फिरवल्यावर नेमकं काय ऐकू येतं, यावर निम्मा शोध पार पडतो. काहीच नाही, अगदी ‘टक’सुद्धा नाही? मग सेल्फपर्यंत जायचं कारणच नाही. सोलेनॉइडलाच हुकूम पोचलेला नाही. पहिला संशय न्यूट्रल स्विचवर घ्यावा. गिअरमध्ये असताना इंजिन चालू होऊ नये म्हणून हा छोटा स्विच बसवलेला असतो, आणि गिअरची केबल जराशी सैल झाली की लिव्हर न्यूट्रलला दिसत असूनही स्विचला ते कळत नाही. किल्ली धरून ठेवून लिव्हर हळूच मागेपुढे हलवायचा. मध्येच इंजिन फिरलं तर चोर सापडला. हे करताना बोट घट्ट बांधलेली हवी आणि प्रोपेलरजवळ कुणी नको, हे वेगळं सांगायला नको. नाही सापडला तर फ्यूज, मग किल्लीमागचा कनेक्टर, आणि मग सोलेनॉइडच्या बारीक वायरवर किल्ली फिरवल्यावर बारा व्होल्ट येतात का ते. दुसऱ्या बारीक वायरीला अर्थ मिळतोय का, हे बघायचं लोक हमखास विसरतात.

‘टक टक टक टक’ असा भराभर आवाज आला तर तो उतरलेल्या बॅटरीचा. सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फ वीज मागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, आणि हा खेळ सेकंदात कितीतरी वेळा चालतो. एकच जाडसर ‘टक’ आणि पुढे काही नाही, हा मात्र खरा कोड्याचा आवाज. सोलेनॉइडने आपलं काम केलं असं तो सांगतो, पण ते काम पूर्ण झालं का हे सांगत नाही. आत एक तांब्याची चकती दोन जाड खुंट्यांना जोडत असते. प्रत्येक वेळी तिथे ठिणगी उडते, चकतीला खड्डे पडतात, काजळी धरते, आणि एक दिवस चकती टेकते पण वीज पलीकडे जात नाही. किंवा चकती ठणठणीत असते आणि अर्थचा लग गंजलेला असतो. किंवा खरंच सेल्फ गेलेला असतो. किंवा, आणि ही शक्यता कुणालाच आवडत नाही, इंजिनच अडकलेलं असतं.

ही शेवटची शक्यता आधी निकालात काढावी, कारण त्याला खर्च काहीच नाही. सेफ्टी कॉर्डची (चालक पडला तर इंजिन बंद करणाऱ्या दोरीची) क्लिप काढायची, लिव्हर न्यूट्रलला आहे ना ते बघायचं, प्लग काढायचे आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं जड चाक, हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवून बघायचं. उलट्या दिशेने नाही; पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरच्या पात्या एका बाजूला वाकून बसलेल्या असतात, त्यांना उलटं वळवण्यात शहाणपणा नाही. फ्लायव्हील सहज फिरलं तर ठीक. प्लगच्या भोकातून पाणी उडालं तर प्रश्न सेल्फचा नाहीच. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते साचलं की पिस्टन वर येऊ शकत नाही, आणि अशा वेळी किल्ली फिरवत बसलं तर कनेक्टिंग रॉड वाकण्यापर्यंत मजल जाते.

आता थोडं मागे जातो, कारण सेल्फ इतका लहान का असतो आणि इतक्या लवकर का तापतो, हे समजल्याशिवाय त्याच्याशी नीट वागता येत नाही.

ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकी कारागिराने 1909 साली आपलं आउटबोर्ड इंजिन बाजारात आणलं. ते चालू करायला फ्लायव्हीलवर एक मूठ होती. ती धरून चाक जोरात फिरवायचं आणि इंजिनाने पेट घेतला की हात चटकन बाजूला घ्यायचा. नाही घेतला तर फिरती मूठ बोटांची खबर घेई. त्याच सुमाराला मोटारींची गतही वेगळी नव्हती. समोरून हँडल मारायचं आणि ते उलटं आलं तर मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधीही विजेची मोटर लावून इंजिन फिरवायचे प्रयत्न झाले होते, पण हिशेब असा निघे की एवढं काम करणारी मोटर आणि तिची बॅटरी गाडीत मावणारच नाही. केटरिंगने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याच्या मोटरला क्षणभर जोर लावायचा असतो, मग विश्रांती. तसंच इथेही. दिवसभर चालणारी मोटर हवी कशाला? काही सेकंद तिच्या कुवतीच्या कितीतरी पट राबवायची आणि सोडून द्यायची.

म्हणजे सेल्फ जन्मतःच ओव्हरलोडवर चालतो. ते त्याचं दुखणं नाही, ती त्याची रचना आहे. सलग दहा सेकंदांच्या वर किल्ली धरू नका, मग निदान एक-दोन मिनिटं थांबा, असं इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते शोभेला नाही. आत पंखा नसतो, खारं पाणी शिरू नये म्हणून हवा जायला वाट ठेवलेली नसते, आणि दीडशे अँपिअर वाहत असताना तांब्याच्या तारेवरचं इन्सुलेशन किती वेळ तग धरणार? मी ज्या जळलेल्या सेल्फांचा इतिहास विचारला त्यांची कहाणी बहुधा एकच निघाली: पेट्रोल येत नव्हतं किंवा सेफ्टी कॉर्डची क्लिप निघालेली होती, आणि मालक किल्ली धरून बसला होता. सेल्फ फिरवत राहिला बिचारा. इंजिन चालू करणं त्याच्या हातात नव्हतं.

दीडशे अँपिअर हा आकडा मुद्दाम सांगितला. मध्यम इंजिनाचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, आणि आउटबोर्डच्या निम्म्या गूढ बिघाडांचा उलगडा या आकड्यात आहे. शाळेतला ओहमचा नियम आठवा. एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध समजा 0.02 ओहम आहे. इतका कमी की साधा मल्टिमीटर त्याला शून्यच दाखवेल. पण दीडशे अँपिअर गुणिले 0.02 म्हणजे तीन व्होल्ट. बारातले तीन व्होल्ट त्या एका सांध्यात संपले. शिवाय साडेचारशे वॅटची उष्णता तिथेच निघाली, ती वेगळी. म्हणूनच इंजिन फिरवून झाल्यावर सांध्यांवरून हात फिरवण्याची जुन्या मिस्त्रींची सवय मला फार आवडते. जो सांधा गरम लागतो तो वीज खातोय. मीटर लागत नाही, वीजशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि म्हणूनच ‘बॅटरी बारा व्होल्ट दाखवतेय, म्हणजे बॅटरी चांगली आहे’ या वाक्यावर माझा विश्वास नाही. एक तर पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीत 12.6 ते 12.7 दाखवायला हवी, 12.2 म्हणजे ती निम्म्यावर आली, आणि 12 म्हणजे तिच्यात फारसं काही उरलेलं नाही. दुसरं म्हणजे हा आकडा ती काहीच काम करत नसतानाचा. पारावर बसून मोठमोठ्या गप्पा ठोकणारा गडी नांगराला जुंपल्यावर किती चालतो, ते वेगळंच असतं. मीटर बॅटरीला लावून ठेवायचा, दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगायची आणि तेव्हा बघायचं. साडेनऊ-दहाच्या खाली आकडा गेला तर बॅटरीची रजा जवळ आली, किंवा निदान तिला चार्जिंग तरी हवं. आकडा अकराच्या आसपास टिकला आणि तरीही सेल्फ रडतखडत फिरतोय, तर बॅटरी सुटली. आता वाट तपासायची.

वाट तपासायची रीतही लोडवरच. इथे मीटर जरा वेगळ्या तऱ्हेने लावावा लागतो आणि पहिल्यांदा ते विचित्र वाटतं: दोन्ही टोकं एकाच बाजूला. लाल टोक बॅटरीच्या धन खुंटीवर (लगवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर) आणि काळं टोक सेल्फच्या खुंटीवर. किल्ली फिरवण्याआधी मीटर बारा दाखवेल, त्याने दचकायचं नाही. सोलेनॉइड उघडा आहे म्हणून तसं. किल्ली फिरवली की खरा आकडा येतो: वाटेत किती व्होल्ट गळले. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून कमी असेल तर वाट साफ आहे. एक, दीड, दोन आले तर टप्प्याटप्प्याने पुढे सरकायचं: खुंटी ते लग, लग ते सोलेनॉइड, सोलेनॉइडची एक बाजू ते दुसरी. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो तिथे दुखणं. मग हेच सगळं ऋण बाजूला: बॅटरीची ऋण खुंटी ते सेल्फचं अंग. अर्थची बाजू तपासणारे फार कमी भेटतात, आणि माझ्या अनुभवात खोट बऱ्याचदा तिथेच निघते. हे करताना इंजिन चालू होऊ नये म्हणून सेफ्टी कॉर्डची क्लिप काढून ठेवायची; बहुतेक इंजिनं तेव्हाही फिरतात, फक्त पेटत नाहीत. काही नवी इंजिनं मात्र क्लिप नसेल तर फिरायलाच नकार देतात. त्यांचं पुस्तक वाचावं.

गंजलेला लग जवळून बघितलाय कधी? बाहेरून तो अगदी सभ्य दिसतो. काळी नळी त्यावर आवळलेली, बोल्ट घट्ट, रंगही शाबूत. ब्लेडने ती नळी उभी चिरली की आतून हिरवी पूड सांडते. केबलचे बारीक तांब्याचे धागे काळपट पडलेले असतात, आणि चिमटीत धरून वाकवले तर कडकन तुटतात. खारं पाणी लगच्या तोंडातून शिरतं आणि धाग्यांमधल्या फटीतून केबलच्या पोटात वर चढतं, म्हणून नुसता लग कापून नवा दाबून भागत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल मागे कापत जावं लागतं. कधी ते चार बोटांवर सापडतं, कधी हातभर कापली तरी नाही. मग केबलच बदलायची, आणि बदलायची तर कथील चढवलेल्या तांब्याची. वर आतून डिंक सुटणारी नळी. मोटारीची केबल स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेत तिचं आयुष्य फार नसतं.

केबलबद्दल अजून एक. बोट मागून जड होते म्हणून लोक बॅटरी नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, सरकवतात आणि तीच जुनी केबल जोड देऊन लांब करतात. मग अचानक सेल्फ म्हातारा झाल्यासारखा फिरतो. लांबी वाढली की रोध वाढला, आणि लांबी मोजायची ती जाण्यायेण्याची दोन्हीकडची. अंतर दुप्पट केलं तर तांब्याचा आडवा छेदही दुप्पट हवा. बॅटरीच्या खुंटीवरचे ते कानांचे नट, बोटांनी आवळता येतात म्हणून सोयीचे वाटतात, तेसुद्धा काढून टाकावेत. लाटांच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. नायलॉनची कडी असलेला षटकोनी नट आणि पाना, आणि सगळ्यात जाड लग सगळ्यात खाली, हे एकदा करून टाकलं की ती काळजी मिटली. नट काढताना ऋण बाजू आधी सोडायची. धन बाजूवर पाना असताना तो इंजिनाला टेकला आणि ऋण जोडलेली असली, तर पान्याची वेल्डिंगची कांडी होते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन जवळपास असेल तर पुढचं बोलायलाच नको.

आता तो चौथा आवाज: ‘घूंऽऽऽ’. सेल्फ मस्त वेगात फिरतोय, इंजिन ढिम्म. म्हणजे पिनियन, सेल्फचं छोटं दातेरी चाक, वर चढून फ्लायव्हीलच्या दात्यांत जात नाहीये. ही पिनियन चढण्याची युक्ती मला आजही बघत बसावीशी वाटते. शाफ्टवर रुंद पीळ असलेले आटे असतात आणि पिनियन त्यावर सैल बसलेला असतो. मोटर झटक्यात फिरते. जड पिनियन क्षणभर मागे राहतो, आणि शाफ्ट त्याच्या आतून फिरल्यामुळे नट बोल्टवर चढावा तसा तो आट्यांवरून वर सरकतो, दात्यात दाते घालतो आणि चाक फिरवू लागतो. इंजिन पेटलं की फ्लायव्हील पिनियनलाच शाफ्टपेक्षा जोरात फिरवतं, त्यामुळे तो त्याच आट्यांवरून उलटा खाली फेकला जातो. वर एक छोटी स्प्रिंग त्याला खाली धरून ठेवायला. ना विजेचा हुकूम, ना लिव्हर. व्हिन्सेंट बेंडिक्सचं नाव मिस्त्री आजही रोज घेतात ते यामुळेच. माणसाचं नाव त्या भागालाच चिकटलं. काही मोठ्या नव्या इंजिनांत पिनियन सोलेनॉइडने ढकलला जातो, पण बऱ्याच इंजिनांत अजून हीच जुनी युक्ती आहे.

ही युक्ती दोन गोष्टींवर अवलंबून आहे: मोटरने झटक्यात वेग घ्यावा, आणि पिनियन आट्यांवर मोकळा सरकावा. यात पहिली गोष्ट पुन्हा बॅटरीकडे जाते. वीज कमी पोचली तर मोटर सावकाश वेग घेते, पिनियनही तिच्याबरोबर निवांत फिरू लागतो, मागे राहतच नाही, मग चढणार कसा? लोक बेंडिक्स बदलतात आणि दुखणं असतं खालच्या लगमध्ये. दुसरी गोष्ट बिघडवायचं काम बहुतेक वेळा भक्तिभावाने केलं जातं: ग्रीस. फिरणारा भाग दिसला की ग्रीस फासायचा मोह मोठा असतो. पण त्या ग्रीसमध्ये धूळ, मीठ आणि दात्यांचा झिजलेला चुरा बसतो, त्याची लापशी होते, थंडीत ती घट्ट होते आणि पिनियन अर्ध्यावर अडकतो. आटे ब्रश आणि सॉल्व्हंटने धुवून कोरडे करायचे, पिनियन बोटाने वर ढकलून सोडायचा. तो स्वतःहून परत यायला हवा. मग पातळ तेलाचा एखादा थेंब, आणि जे तेल पुस्तकात सांगितलंय तेच. बस.

करकर आवाज आला तर दाते बघायचे. पिनियनच्या दात्यांच्या वरच्या कडा मुद्दाम तिरप्या घासलेल्या असतात, शिरायला सोपं जावं म्हणून. त्या कडा बोथट झाल्या की दाते एकमेकांना घासत राहतात. पिनियन बदलणं सोपं आहे. फ्लायव्हीलची रिंग खाल्ली गेली तर काम मोठं, म्हणून करकर ऐकू आल्यावर दिवस काढू नयेत.

एवढं सगळं तपासून, वाट साफ, बॅटरी दमदार, इंजिन मोकळं, सोलेनॉइडच्या पलीकडच्या खुंटीवर किल्ली फिरवल्यावर अकरा व्होल्ट येतायत आणि तरीही सेल्फ गप्प, तर मग खरंच त्याला उतरवायची वेळ आली. आणि इथे हमखास कुणीतरी सांगतं, ‘हातोडीने दोन टोले दे, चालू होईल’. होतोही कधीकधी, फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा ब्रश अडकलेला असेल तर तो टोल्याने खाली सरकतो. पण बऱ्याच सेल्फांत आता कायमचुंबक असतात, फेराइटचे, आतून कवचाला चिकटवलेले. फेराइट चिनी मातीसारखा ठिसूळ. टोल्याने तो तडकला की त्याचे तुकडे आर्मेचरला (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाला) जाऊन चिकटतात, आणि दुरुस्त होण्यासारखा सेल्फ भंगारात जातो. कवच आतून गंजलं तर चुंबक आपोआपही सुटतात, ते वेगळं. हातोडीचा सल्ला देणाऱ्यांना मी चहूबाजूंनी विरोध करतो.

सेल्फ उघडण्याआधी कवच आणि दोन्ही झाकणांवर आडवी खूण करून घ्यावी, परत बसवताना ती लाखमोलाची ठरते. दोन लांब बोल्ट सोडले की झाकण निघतं आणि टेबलावर काळी पूड सांडते. ती कार्बनची, ब्रश झिजून झालेली. थोडी असणारच. पण ती ओलसर, चिकट असेल तर आत पाणी गेलंय. मग ब्रश. ते आपल्या खोबणीत स्वतःच्या स्प्रिंगने सरकायला हवेत. बोटाने दाबून सोडलं की उसळून वर. खोबणीत गंजाची एक कणी पुरते त्यांना अडवायला. किमान लांबी प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात दिलेली असते, पण ब्रश निम्मा झाला असेल तर आत्ता उघडलंच आहे म्हणून बदलून टाकावा, असं माझं म्हणणं. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं गोल नळकांडं असतं, कम्युटेटर. तो तपकिरी, गुळगुळीत दिसला तर प्रकृती उत्तम; त्या तपकिरी थराला घासून चकचकीत करायची हौस टाळावी. खरबरीत किंवा काळा असेल तर बारीक सँडपेपरची पट्टी गुंडाळून हलकेच फिरवायची. एमरी पेपर नको, त्याचे वीजवाहक कण पट्ट्यांच्या मधल्या खाचांत बसून शेजारच्या पट्ट्या जोडून टाकतात. त्या खाचा टोकदार काडीने साफ करायच्या. एकाच पट्टीवर जळल्याचा डाग असेल तर तिथली तार आतून तुटलेली असण्याचा दाट संशय. मग मीटर: शेजारच्या दोन पट्ट्यांत रोध जवळजवळ शून्य हवा, आणि कुठलीही पट्टी ते मधला शाफ्ट, अनंत. शाफ्टशी जोड दाखवला तर आर्मेचर संपलं. शेवटी दोन्ही टोकांचे बुश. त्यात शाफ्ट डगमगत असेल तर फिरताना आर्मेचर चुंबकांना घासत असणार. घासल्याच्या चकचकीत रेघा दिसतातच.

परत बसवताना एक गंमत होते. चुंबक आर्मेचरला असा हिसका देतात की ब्रश खोबणीतून सटकतात, पुन्हा पहिल्यापासून. ब्रश मागे धरून ठेवायला पातळ पत्र्याची पट्टी कापून घ्यावी. आणि इंजिनावर चढवताना सेल्फ जिथे टेकतो तिथला रंग आणि गंज खरवडावा, कारण बऱ्याच इंजिनांत परतीची वीज त्याच जागेतून जाते. बाहेरून सगळं जोडून झाल्यावर रंगाचा एक हात द्यावा.

राहिली दोरी. लहान इंजिनांना ती असतेच, आणि तिच्या मागची यंत्रणाही तितकीच हुशार आहे: पुली, तिच्यात गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग, आणि ओढल्यावर बाहेर येऊन फ्लायव्हीलला धरणारे खटके. दोरी आधी सावकाश ओढायची, खटका धरल्याचं हाताला कळतं, मग एका दमात ओढायची. आणि मूठ सोडून द्यायची नाही, हाताने परत न्यायची. सुटलेली मूठ आपटली की स्प्रिंगचं टोक तुटतं. दोरी जिथे भोकाच्या कडेला घासते तिथे ती आधी केसाळ होते. केसाळ दिसली की बदलायची, तुटायची वाट बघायची नाही. बदलताना विणलेली नायलॉनची, त्याच जाडीची, आणि टोकं जाळून बंद केलेली. पुलीखालची स्प्रिंग मात्र डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय उघडू नये. ती पेटीबाहेर झेप घेते तेव्हा पात्यासारखी कापते.

बऱ्याच विजेच्या सेल्फच्या इंजिनांतही फ्लायव्हीलच्या कडेला एक खाच ठेवलेली असते, आणीबाणीच्या दोरीसाठी. टोकाला गाठ मारलेली दोरी खाचेत अडकवायची, घड्याळाच्या दिशेने एक-दोन वेढे द्यायचे आणि ओढायची. इथे मात्र न्यूट्रल स्विच आपलं रक्षण करत नाही, कारण आपण त्याला वळसा घातलाय. लिव्हर स्वतः डोळ्यांनी बघायचा. मागे कुणी उभं नको, दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. इंजिन पेटलं की उघडं फ्लायव्हील आपल्यासमोर मिनिटाला हजारभर फेरे घेत असतं, तेव्हा सैल बाह्या, गळ्यातली दोरी, सगळं दूर. झाकण चालू इंजिनावर परत बसवायचा प्रयत्न करू नये, किनाऱ्यावर पोचून इंजिन बंद केल्यावरच.

मोठ्या इंजिनांत मात्र ही दोरी खुंटीला टांगून ठेवण्यापुरती. इतकी सिलिंडरं हाताने फिरत नाहीत, आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या बहुतेक इंजिनांत फिरवून उपयोगही नसतो. पेट्रोलचा पंप आणि कंप्युटर दोघांना आधी वीज लागते. म्हणून अशा बोटींवर दुसरी बॅटरी ठेवतात, स्विचने वेगळी केलेली, फक्त सेल्फसाठी राखलेली. चांगली सोय आहे. पण दोन्ही बॅटऱ्यांची धन बाजू स्विचपर्यंतच वेगळी असते, ऋण बाजू तर एकत्र येऊन ब्लॉकवरच्या एकाच बोल्टवर जाते. तो सांधा सडला असेल तर एक बॅटरी काय आणि चार काय. दुसरी बॅटरी बसवायला निघालेल्या माणसाला म्हणूनच मी आधी विचारतो, अर्थचा तो बोल्ट शेवटचा कधी काढून घासला होतास?